ध्यान हे औषध आहे का?

१९५५ साली रंगूनमध्ये सत्यनारायण गोयंका हे तरुण व्यापारी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. मायग्रेनने त्यांना जेरीस आणलं होतं. झटका आला की मॉर्फिनच्या इंजेक्शनशिवाय भागत नसे. युरोप, अमेरिका, जपान इथले डॉक्टर करून झाले होते. ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेले, विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीचे गृहस्थ आचार्य. त्यांनी गोयंकांना नकार दिला. डोकेदुखी घालवण्यासाठी यायचं असेल तर येऊ नका, मन निर्मळ करायचं असेल तर या, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुखणाईत माणसाला असं परत पाठवणं आज कठोर वाटेल. पण त्या नकारात एक खोल प्रश्न आहे: ध्यान हे औषध आहे का?

ताणाने शरीर झिजतं, यात आता शंका उरलेली नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की थंडी असो, जखम असो वा अतिश्रम, शरीराचा प्रतिसाद ठरलेला असतो: अधिवृक्क ग्रंथी सुजतात, जठरात व्रण पडतात. माणसातही ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात, रक्तदाब चढतो, साखर वाढते, पचन मंदावतं. जिवावर बेतलं असताना हे उपकारकच. पण गृहकर्जाच्या हप्त्याशी लढता येत नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही. शरीर मात्र महिनोन् महिने सज्ज राहतं, आणि त्याची किंमत झोप, हृदय आणि प्रतिकारशक्ती यांना मोजावी लागते.

या ताणावर ध्यान काय करतं? संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सल्लसुत्तात बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण वेदनेचा, तो कुणालाच चुकत नाही. दुसरा त्या वेदनेवर चरफडण्याचा, आणि तो माणूस स्वतःच स्वतःला मारून घेतो. इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात हेच शिकवतात. पहाटे चारला घंटा होते. बोलणं, वाचणं, लिहिणं बंद. काही दिवसांनी तासाच्या ‘अधिष्ठान’ बैठका सुरू होतात, ज्यात हातपाय हलवायचे नाहीत आणि डोळे उघडायचे नाहीत. अर्ध्या तासात गुडघा ठणकू लागतो. साधक तिकडे नीट पाहतो, तेव्हा त्या ‘दुखण्या’त आग, ताण, जडपणा असं बरंच काही वेगवेगळं सापडतं, आणि त्यातलं काहीच स्थिर नसतं. ‘हे कधी संपणार’ ही तगमग मात्र गुडघ्यात नसते, मनात असते.

ऊ बा खिन यांचा नकार इथे उमगतो. ताण जावा म्हणूनच जो बसतो, तो दर मिनिटाला ‘गेला का’ म्हणून तपासत राहतो, आणि ते तपासणं हाच दुसरा बाण. गोयंका पुढे मन निर्मळ करण्यासाठी साधनेला बसले आणि त्यांचं मायग्रेन गेलं, पण ते साधनेचं आनुषंगिक फळ आहे, असंच ते सांगत राहिले.

म्हणून रक्तदाबाची गोळी सोडून कुणी आसनावर बसू नये. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ मध्ये ध्यानाचा हृदयाला फायदा होण्याची शक्यता मान्य केली, पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीला म्हणूनच. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी शिबिराला येऊ नये, असं विपश्यना केंद्रंही सांगतात.

आणि पहिल्या बाणाचं काय? कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला किंवा बारा तास राबणाऱ्या कामगाराला ‘मन शांत ठेवा’ एवढंच सांगणं हा अन्याय आहे. बौद्ध परंपरेनेही तसं सांगितलेलं नाही. दीघनिकायातल्या कूटदन्तसुत्तात महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढतात. पुरोहित शिक्षेचा सल्ला देत नाही. तो सांगतो, शेतकऱ्यांना बियाणं द्या, व्यापाऱ्यांना भांडवल द्या, राजसेवकांना वेतन द्या. राजा तसं करतो आणि लोकांची भीती जाते. ध्यान शिकवणाऱ्या परंपरेतच ही कथाही आहे, आणि कर्मचाऱ्यांसाठी ध्यानवर्ग भरवणाऱ्या प्रत्येक कंपनीने ती वाचायला हवी.