झाकलेले शस्त्र आणि अभयाचा धर्म

शस्त्राविषयी धर्मशास्त्रांनी जो विचार केला आहे तो बहुतांशी उपसलेल्या शस्त्राचा विचार आहे. समोर आततायी उभा आहे, त्याच्या हातात आयुध आहे, आपल्या पाठीशी बायकामुले आहेत, आणि आता काय करावे, या एका क्षणाभोवती स्मृतिकारांची आणि भाष्यकारांची, तसेच ख्रिस्ती धर्मपंडितांचीही मीमांसा फिरत राहिली आहे. परंतु जे शस्त्र सकाळी कपड्यांबरोबर अंगावर चढते, दिवसभर सदऱ्याखाली राहते, रात्री उतरवून कुलपात ठेवले जाते आणि बहुधा आयुष्यात एकदाही उपसले जात नाही, त्याच्याविषयी या मीमांसेत फारसे काही सापडत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज लक्षावधी सामान्य गृहस्थ अशा रीतीने पिस्तूल झाकून बाळगतात. मारावे की मरावे, हा प्रश्न त्यांच्यापैकी फारच थोड्यांपुढे कधी उभा राहील. परंतु शस्त्र अंगावर असताना शेजाऱ्याकडे, वाटसरूकडे आणि अनोळखी माणसाकडे मी कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न त्यांच्यापैकी प्रत्येकापुढे, आणि ज्याने हा परिपाठ नुकताच सुरू केला आहे त्याच्यापुढे तर विशेषच, रोज उभा असतो.

जिल्हाधिकाऱ्याच्या किंवा पोलीस आयुक्ताच्या मर्जीने मिळणाऱ्या परवान्याचीच ज्यांना माहिती आहे अशा आपल्या वाचकांस हा परिपाठ समजावा म्हणून त्या देशाच्या कायद्याचा थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. १७९१ साली राज्यघटनेस जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद आहे हे पुष्कळांस ठाऊक असते. पण एकोणिसाव्या शतकातील तेथील लोकमत झाकलेल्या शस्त्राच्या बरेच विरुद्ध होते, हे सहसा ठाऊक नसते. केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी १८१३ सालीच शस्त्र लपवून बाळगण्यास मनाई केली, आणि १८५० साली लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईचे समर्थन करताना असा भेद केला की, उघड बाळगलेले शस्त्र हे मानी पुरुषाच्या संरक्षणाचे साधन होय आणि लपविलेले शस्त्र हे दगाबाजाचे साधन होय. न्यूयॉर्क राज्याने १९११ पासून परवान्याचा बंदोबस्त केला, आणि पुढे खास कारण सिद्ध केल्याविना झाकलेल्या पिस्तुलाचा परवाना देऊ नये असा दंडक घातला. याउलट फ्लोरिडाने १९८७ साली अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकास परवाना देणे सरकारवर बंधनकारक केले. ती प्रथा राज्याराज्यांतून पसरत गेली. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा दंडक घटनाबाह्य ठरविला. आणि आज अर्ध्याहून अधिक राज्यांत प्रौढ नागरिकास त्यासाठी परवान्याचीही गरज उरलेली नाही. येणेप्रमाणे ज्या गोष्टीत एके काळी दगाबाजी दिसत होती तीत आज सौजन्य पाहिले जाते, कारण बाजारात उघडे पिस्तूल मिरविणारा मनुष्य लोकांस भिवविणारा वाटतो आणि झाकून नेणारा त्यांच्या स्वस्थतेची कदर करणारा वाटतो. या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, आणि तो कोणता हे या परिपाठात नव्याने शिरलेल्या माणसाच्या मनःस्थितीवरून चांगले उमगते.

पाऊणएक किलोचे ते ओझे पट्ट्याच्या आत, मांडीच्या सांध्यावर अथवा कमरेच्या उजव्या अंगास होल्स्टरमध्ये बसविले की प्रथम शरीर तक्रार करते. बसताना नळी टोचते, वाकताना सदरा वर सरकतो, पट्टा जाड घ्यावा लागतो आणि कपडे एका मापाने सैल शिवावे किंवा विकत घ्यावे लागतात. त्याहून मोठी अस्वस्थता मनाची असते. कपड्यावरून पिस्तुलाचा आकार उमटतो आहे आणि तो सर्वांस दिसतो आहे, अशी खात्रीच नवख्याची झालेली असते. तो वारंवार सदरा खाली ओढतो, हात नकळत कमरेकडे नेतो आणि दुकानाच्या काचेत आपली आकृती न्याहाळतो. वस्तुतः कोणाचेही तिकडे लक्ष नसते. डाकघर, न्यायालय व शाळा यांच्या दारात त्याला थबकावे लागते, कारण तेथे बहुतेक राज्यांत कायद्याची मनाई असते. उपाहारगृहात तो दाराकडे तोंड करून बसतो. गाडी चालविताना दुसऱ्याने आडवी गाडी घातली तर शिवी ओठांवर येण्याच्या आधी त्याला कमरेवरचे ओझे आठवते. अनुभवी लोक सांगतात की काही आठवड्यांनी हे अवघडलेपण सरते आणि शस्त्र हे किल्ल्यांच्या जुडग्यासारखे अंगवळणी पडते. परंतु धर्मचिंतन करणाऱ्यास हे अंगवळणी पडणेच अधिक विचारार्ह वाटले पाहिजे, कारण नवेपणातील संकोच हा विवेकाचा पहारा असतो, आणि तो पहारा उठल्यावर त्याच्या जागी काय येते यावरच पुढील सर्व काही अवलंबून असते.

त्या जागी शिस्त यावी अशी तजवीज या विद्येच्या जाणत्यांनी केली आहे, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. अमेरिकी नौदलाच्या मरीन दलातील निवृत्त अधिकारी जेफ कूपर यांनी १९७६ साली ॲरिझोनात जी शाळा काढली तिच्याद्वारे चार नियम सर्वत्र रूढ झाले: प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे; ज्याचा नाश करण्याची आपली तयारी नाही त्याच्यावरून नळी फिरूही देऊ नये; नेम धरण्यापूर्वी चापावर बोट ठेवू नये; आणि लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे याची खात्री करून घ्यावी. या नियमांत यमनियमांचे गांभीर्य आहे. तथापि ते हाताचे नियम आहेत. डोळ्यांचे आणि अंतःकरणाचे नियम कोणते, हे त्यांत सांगितलेले नाही, आणि ते सांगण्याचे काम धर्माचे आहे.

आता आपली शास्त्रे काय सांगतात ते पाहू. गुरू असो, बालक असो, वृद्ध असो की बहुश्रुत ब्राह्मण असो, आततायी होऊन आल्यास त्याला बेलाशक मारावे, असे मनूने आठव्या अध्यायात म्हटले आहे, आणि लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त अहिंसेच्या अपवादांचा विचार करताना त्या वचनाचा आधार घेतला आहे. परंतु कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी असलेल्या विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त या वचनास अधिक सूक्ष्म अर्थ दिला. त्याच्या मते हे वचन वधाची सरसकट मुभा देत नाही. आत्मरक्षणासाठी आततायीचे निवारण करीत असता, मारण्याचा हेतू नसताना तो मेला, तर प्रायश्चित्त अल्प असते आणि राजदंड नसतो. याच्यानंतर सुमारे दीड शतकाने इटलीतील थॉमस अक्वायनस याने, विज्ञानेश्वराचे नावही कानी आलेले नसता, जवळजवळ हाच निर्णय दिला, की आत्मरक्षणाच्या कृतीची दोन फळे असू शकतात, त्यांपैकी प्राण राखणे हे इच्छिलेले असावे आणि शत्रूचा मृत्यू इच्छिलेला नसावा, व बळ गरजेपुरतेच वापरावे. गृहस्थाने स्वतःच्या किंवा आश्रितांच्या रक्षणार्थ प्रतिकार करताना घडलेल्या हिंसेस जैन आचार्यांनीही संकल्पपूर्वक केलेल्या हिंसेहून निराळ्या वर्गात घातले आहे. इतक्या भिन्न परंपरा ज्या ठिकाणी एक होतात तेथे हेतू हेच धर्माचे केंद्र आहे, असे मानावयास प्रत्यवाय नाही.

पण हे सर्व निर्णय नैमित्तिक कर्माचे आहेत. मीमांसकांनी कर्माचे जे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले ते येथे फार उपयोगी पडतात. मराठी मनास परिचित असलेले सर्वांत प्रसिद्ध झाकलेले शस्त्र हे १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी नेलेले आहे. पण त्या दिवशी शत्रू ठरलेला होता, स्थळ ठरलेले होते आणि संकटही उघड होते. निमित्त संपताच ते शस्त्रही उतरले. अमेरिकेतील गृहस्थाचे पिस्तूल याहून सर्वस्वी भिन्न आहे, कारण त्याला निमित्तच नाही. कोणा विशिष्ट वैऱ्यासाठी ते बाळगलेले नसते, म्हणून ते एका अर्थी सर्वांसाठी बाळगलेले असते. आणि जे नित्य केले जाते ते, एकदाही त्याचा उपयोग न होता, करणाऱ्याच्या चित्तावर संस्कार करीत राहते. नित्य संध्या करणाऱ्याचे चित्त जसे हळूहळू घडते तसेच नित्य शस्त्र बाळगणाऱ्याचेही घडते. संध्येचे फळ आपण जाणतो. या दुसऱ्या नित्यकर्माचे फळ काय, हा खरा प्रश्न आहे.

ते फळ दोन प्रकारचे असू शकते. एका माणसात शस्त्र संशय वाढविते; ज्याच्याकडे पूर्वी त्याचे लक्षही गेले नसते असा वाट चुकलेला, निराळ्या वर्णाचा किंवा निराळी भाषा बोलणारा मनुष्य त्याला संभाव्य आततायी दिसू लागतो. १९९२ साली लुईझियानातील बॅटन रूज येथे घर चुकून दुसऱ्याच्या अंगणात गेलेला १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी घरमालकाच्या गोळीने मेला. घरमालकाच्या मनात द्वेष नव्हता, केवळ भय होते, आणि न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्या मुलाचे मरण पाहता, हेतू शुद्ध असला की धर्म साधला, या समजुतीस मोठा धक्का बसतो. कारण भयाने कलुषित झालेल्या दृष्टीस हेतूची शुद्धता वाचवू शकत नाही. शिवाय त्या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे ज्या परक्यासाठी शस्त्र घरात आणले त्याच्याहून घरातल्याच निराश क्षणाला ते अधिक सहज सापडते, ही गोष्ट रक्षणाचा विचार करणाऱ्या गृहस्थाने डोळ्यांआड करता कामा नये.

दुसऱ्या माणसात शस्त्र संयम वाढविते, आणि ही गोष्टही खरी आहे. अपमान गिळणे, रस्त्यावरील भांडणातून पाय काढून घेणे, मद्यास न शिवणे आणि उगाच वाद न घालणे हे सारे त्याला करावेच लागते, कारण त्याच्या क्रोधाची किंमत आता कोणाचा तरी प्राण असू शकते. निःशस्त्र माणसाला रागावण्याची जी मोकळीक आहे ती सशस्त्र माणसाला नाही. माझ्या मते झाकलेल्या शस्त्राचे नैतिक समर्थन करावयाचे असेल तर ते एवढ्याच पायावर करता येईल. राज्यघटनेने दिलेला हक्क हा त्याचा कायदेशीर आधार झाला. धार्मिक आधार हा एका त्यागात आहे, आणि तो त्याग क्रोधाच्या हक्काचा आहे.

संरक्षणाच्या कर्तव्याची बाजू दुबळी आहे असे मी मानीत नाही. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका मारेकऱ्याने भाविकांवर गोळ्या झाडल्या तेव्हा गुरुद्वाराचे वृद्ध अध्यक्ष हातातील साध्या सुरीनिशी त्याच्यावर धावून गेले आणि प्राणास मुकले. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्ससमधील व्हाइट सेटलमेंट या गावी प्रार्थना चालू असता दोन भाविकांना मारणाऱ्या हल्लेखोरास रक्षणाचे काम स्वीकारलेल्या एका भाविकाने काही सेकंदांतच पिस्तुलाने टिपले, आणि त्यामुळे किती जण वाचले याचा हिशेब कोणास करता येणार नाही. त्या भाविकास धर्म दोष देईल असे मला वाटत नाही. १९२० साली गांधीजींनीही स्वच्छ लिहिले होते की, भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडावयाची असेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊ. परंतु २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्ससमधील ओलेथ येथे दोन भारतीय अभियंत्यांवर केवळ परके म्हणून गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांतील एकजण मृत्यू पावला, तेव्हा मारेकऱ्यास अडविण्यास जो अमेरिकन तरुण पुढे धावला त्याच्याजवळ कोणतेही शस्त्र नव्हते. तो जबर जखमी झाला व जगला. शौर्य शस्त्रात साठविलेले नसते, हे त्या तरुणाने आणि गुरुद्वाराच्या त्या अध्यक्षांनी सारख्याच रीतीने सिद्ध केले.

या चर्चेत भारतीयास एक प्रसंग टाळता येत नाही. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी बाँबचा स्फोट झाला. त्यानंतर प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घ्यावी ही सरकारची सूचना गांधीजींनी मान्य केली नाही, आणि ३० जानेवारीस एका मराठी माणसाने झाकून आणलेल्या पिस्तुलाने त्यांचा वध केला. व्यवहारदृष्टीने त्यांचा नकार चुकीचा ठरला असे कोणी म्हणेल. पण प्रार्थनेस आलेल्या प्रत्येक माणसास संभाव्य मारेकरी मानल्यानंतर जी उरेल तिला प्रार्थनासभा म्हणता येईल काय, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या देहाबरोबर संपला नाही. झाकलेले शस्त्र समाजाच्या ज्या मर्मस्थानी लागते ते हेच: एकमेकांचे हात रिकामे आहेत या न बोललेल्या विश्वासावर अनोळखी माणसे एकत्र बसतात, आणि झाकलेले पिस्तूल बाळगणारा, त्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी, इतरांना न विचारता त्या विश्वासातून एकट्यापुरता बाहेर पडलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील न्यायाधीशांना दगाबाजी दिसली ती येथे, आणि तिच्यात सत्याचा अंश आहे तोही येथे.

गीतेने दैवी संपत्तीची गणना करताना अभयास पहिले स्थान दिले आहे, आणि संन्यास घेणारा मनुष्य सर्व भूतांना आपल्यापासून भय राहणार नाही असे वचन देऊन घर सोडतो. गृहस्थाकडून संन्याशाचा धर्म अपेक्षिता येत नाही. परंतु अभय देणे हा अभय मिळविण्याचाच दुसरा भाग आहे, हे गृहस्थालाही चुकलेले नाही. ज्याने केवळ स्वतःपुरते अभय मागितले आणि त्यासाठी शेजाऱ्याकडे साशंक नजरेने पाहण्याची किंमत दिली, त्याला अभय मिळालेच नाही. त्याने आपले भय अधिक सुसज्ज केले, एवढेच. म्हणून नव्याने शस्त्र बाळगू लागलेल्या माणसाने ते व्रत समजून बाळगावे, आणि व्रताप्रमाणेच वेळोवेळी त्याची फेरतपासणी करावी. पूर्वीपेक्षा मी अधिक क्षमाशील झालो आहे काय, अनोळखी माणसाशी अधिक सौम्यपणे बोलतो काय, घरातील मुलांपासून व स्वतःच्या काळ्या क्षणांपासून ते शस्त्र मी कुलूपबंद ठेवतो काय, आणि ते घरी ठेवून तितक्याच निर्भयपणे बाहेर पडू शकतो काय, हे प्रश्न त्याला दुसरे कोणी विचारू शकत नाही, कारण त्याचे शस्त्र दुसऱ्या कोणास दिसत नाही. कोणताही अंमलदार या प्रश्नांची उत्तरे परवान्यावर लिहून देणार नाही. ज्याची उत्तरे होकारार्थी आहेत त्याच्या हातून धर्माची हानी होईल असे वाटत नाही; आणि ज्याला त्यांतील एकाही प्रश्नाशी अडखळावे लागते त्याने, कायद्याची पूर्ण मुभा असली तरी, ते शस्त्र त्याच दिवशी उतरवून ठेवावे.