चिन्ह वळतं त्या जागी

समोर एक कोरा कागद घ्या. पट्टी नको. हातानेच डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा. थोडी वाकडी आली तरी चालेल. दोन्ही टोकांना बाण काढा आणि मध्ये शून्य लिहा. लगेच काही सोडवायचं नाही. मनात येईल ती संख्या या रेषेवर ठेवून पाहा: सात, उणे अडीच, दोनचं वर्गमूळ. प्रत्येकीला तिची जागा आहे. कोणत्याही दोन वेगळ्या संख्या घेतल्या, तर त्यांतली एक डावीकडे असणार आणि दुसरी उजवीकडे. असमानतेचं सारं गणित एवढ्यावर उभं आहे.

समीकरणाने आपल्याला एका उत्तराची सवय लावलेली असते. क्ष = ४ आलं, खाली दोन रेघा मारल्या, पुढचं उदाहरण. आता क्ष > ४ लिहा आणि थांबा. यात ५ आहे, ४.१ आहे, दहा लाख आहे. ४ नाही. उजवीकडून सावकाश चारच्या जवळ या आणि चारनंतरची पहिली संख्या शोधा. ४.०१ म्हणाल, तर तिच्याआधी ४.००१ आहे. तिच्याही आधी आणखी एक आहे. कितीही वेळ शोधलं तरी या उकलींतली सगळ्यात लहान संख्या हाती लागणार नाही. म्हणून चारवर पोकळ वर्तुळ काढायचं आणि तिथून उजवीकडे रेषा गडद करत न्यायची. क्ष ≥ ४ असतं तर तेच वर्तुळ भरीव झालं असतं. वहीत या फरकाकडे सहसा कोणी फार वेळ पाहत नाही. मला मात्र आलेखातली सगळ्यात बोलकी जागा तीच वाटते.

(बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या पुस्तकात १५५७ मध्ये छापलं गेलं. < आणि > ही चिन्हं आली १६३१ मध्ये, थॉमस हॅरियट यांच्या ग्रंथात, आणि तो ग्रंथ निघाला तेव्हा हॅरियट जाऊन दहा वर्षं झाली होती. लहानमोठेपणाला स्वतःची खूण मिळायला समानतेपेक्षा बराच उशीर लागला.)

आता दोन्ही बाजूंनी बांधलेली एक असमानता पाहू. बहुतेक नेहमीच्या लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. खाली गोठण्याची भीती, वर उष्णतेची. समजा, हाताशी फॅरनहाइटचा तापमापक आहे. त्यावरचं माप फ धरलं, तर २ ≤ ५(फ − ३२)/९ ≤ ८. तिन्ही भागांना ९ ने गुणा: १८ ≤ ५(फ − ३२) ≤ ७२. ५ ने भागा: ३.६ ≤ फ − ३२ ≤ १४.४. बत्तीस मिळवा: ३५.६ ≤ फ ≤ ४६.४. दोन भरीव ठिपके आणि मधला गडद तुकडा. जे केलं ते तिन्ही भागांना एकाच वेळी केलं, म्हणून साखळी तुटली नाही.

आता त्या तुकड्याच्या बाहेर पाहा. धोका कुठे आहे? फ < ३५.६ किंवा फ > ४६.४. इथे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ म्हणून पाहा. एकाच क्षणी ३५.६ पेक्षा कमी आणि ४६.४ पेक्षा जास्त असं तापमान असूच शकत नाही. रेषेवर काहीच गडद होत नाही, संच रिक्त. हेच बाहेरचे दोन तुकडे ४६.४ < फ < ३५.६ असे सलग लिहिले, तर नकळत ४६.४ ही संख्या ३५.६ पेक्षा लहान आहे असं म्हटलं जातं.

पुढच्या उदाहरणाला मात्र भरपूर वेळ द्या.

−३ ≤ ५ − २क्ष < ११

तिन्ही भागांतून ५ वजा करा: −८ ≤ −२क्ष < ६. सगळ्या संख्या पाच घरं डावीकडे सरकल्या. कोण कोणाच्या डावीकडे, हे जसंच्या तसं राहिलं. २ ने भागा: −४ ≤ −क्ष < ३. सगळं शून्याकडे आक्रसलं, क्रम तोच. उरलं ते क्षच्या आधीचं उणे चिन्ह.

‘ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटं’ हा नियम पाठ असेल, तर तो घडीभर बाजूला ठेवा. रेषेवर −४ आणि ३ खुणेने दाखवा. आता कागद शून्यावर उभा दुमडा आणि उजेडात धरा. −४ जाऊन पडतो ४ वर, ३ जाऊन पडतो −३ वर. जो डावीकडे होता तो उजवीकडे गेला. उणे एकने गुणणं म्हणजे नेमकं हेच. रेषा शून्याभोवती उलटते, आणि चिन्ह नुसतं तिच्यामागून वळतं. म्हणून ४ ≥ क्ष > −३, म्हणजेच −३ < क्ष ≤ ४. भरीव ठिपका आधी डाव्या टोकाला होता, आता उजव्या टोकाला आला. पडताळून पाहा: क्ष = ४ ठेवला तर मधला भाग −३ होतो, चालतं. क्ष = −३ ठेवला तर ११ होतो, आणि ११ ला परवानगी नव्हती.

मग ज्याने गुणायचं ते धन की ऋण, हेच माहीत नसेल तर?

१/क्ष < २ लिहा. हात आपोआप दोन्ही बाजूंना क्षने गुणायला जातो. थांबवा त्याला. रेषा उलटणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. दोन वाटा कराव्या लागतील. क्ष > ० असेल, तर १ < २क्ष, म्हणजे क्ष > १/२. क्ष < ० असेल, तर चिन्ह वळतं: १ > २क्ष, म्हणजे क्ष < १/२. पण या वाटेवर आपण क्ष < ० धरूनच निघालो होतो, तेव्हा सगळ्याच ऋण संख्या चालतात. −१ ठेवून खात्री करा. प्रत्येक वाटेच्या आत ‘आणि’, दोन वाटांच्या मध्ये ‘किंवा’: क्ष < ० किंवा क्ष > १/२. घाईने गुणलं असतं, तर शून्याच्या डावीकडची सगळी रेषा हातची गेली असती.

आलेख काढा. शून्यावर पोकळ वर्तुळ, अर्ध्यावर पोकळ वर्तुळ, मधला तुकडा कोरा. दोन्ही वर्तुळं सारखीच दिसतात. < च्या जागी ≤ लिहिलं, तर अर्ध्यावरचं वर्तुळ लगेच भरीव होईल, कारण तिथे १/क्ष बरोबर २ आहे. शून्यावरचं तरीही पोकळच राहील, कारण तिथे १/क्ष ला किंमतच नाही.