मूळ नक्षत्रातील अल्पायुषी तारा

मे महिन्याच्या अखेरीस, वखरून ठेवलेली काळी राने मृगाच्या पावसाची वाट पाहत असतात त्या दिवसांत, यवतमाळ जिल्ह्यातून मध्यरात्री दक्षिणेकडे पाहिले असता क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर वृश्चिकाची शेपटी वळलेली दिसते. तिच्या आरंभी, मूळ नक्षत्रात, दोन तारे इतके लगत आहेत की अधू नजरेला ते एकच भासावेत. त्यांतील किंचित मंद तारा म्हणजे म्यू-२ वृश्चिक. सूर्याच्या सुमारे नऊपट वस्तुमानाच्या या ताऱ्याभोवती, सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळजवळ २९० पट दूर, गुरूच्या १४ पट वजनाचा एक सोबती फिरत असल्याचे चिलीतील महाकाय दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०२२ मध्ये जाहीर झाले.

त्याला ग्रह म्हणावे काय, यावर मतभेद संभवतो. कारण गुरूच्या साधारण १३ पटींपलीकडे वस्तूच्या पोटात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू लागतो आणि अशा वस्तूस तपकिरी बटू म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ताऱ्याशी असलेले त्याचे वस्तुमानाचे प्रमाण सूर्य-गुरू प्रमाणाच्या जेमतेम दीडपट भरते, आणि जन्मकथेच्या दृष्टीने हीच कसोटी अधिक बोलकी वाटते. नवल आहे ते तो मुळात घडला याचे, कारण अशा ताऱ्याचे प्रखर अतिनील किरण ग्रहांना जन्म देणारी वायू-धुळीची तबकडी झपाट्याने उडवून लावतात.

त्याहून मोठी अडचण काळाची आहे. वस्तुमान नऊपट असले तरी प्रकाश हजारो पटींनी वाढत असल्याने इंधनाची उधळपट्टी होते आणि सूर्याच्या सुमारे १,००० कोटी वर्षांच्या आयुष्यापुढे या ताऱ्याच्या वाट्याला जेमतेम ३ कोटी वर्षे येतात. हा काळ किती थोडका, ते पायाखालच्या खडकाशी ताडून पाहता येते. यवतमाळ जिल्ह्याच्याच झरी जामणी तालुक्यात शिबला परिसरात २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात बसाल्टचे षट्कोनी खांब उघडे पडले. थंड होताना आकसलेल्या लाव्ह्याला तडे जाऊन असे खांब बनतात. ज्या दख्खनच्या लाव्ह्याचे ते आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे म्यू-२ वृश्चिकाच्या तिप्पट वयाचा. तो खडक थिजला तेव्हा हा तारा नव्हता. मोठ्या मॅगेलन मेघातील, सूर्याच्या जवळजवळ २०० पट वस्तुमानाचा आर१३६ए१ तर काही दशलक्ष वर्षांतच संपेल. पृथ्वीवर जीवसृष्टीच्या खुणा उमटण्यास काही कोटी नव्हे, कित्येक कोटी वर्षे लागली. तेव्हा असल्या ताऱ्यापाशी ग्रह असू शकतो, पण त्यावर काही घडण्यास सवड नसते.

पुढे म्यू-२ वृश्चिकाचा गाभा कोसळून स्फोट झाला, की ताऱ्याचे निम्म्याहून अधिक द्रव्य निघून जाईल, गुरुत्वाची पकड सुटेल आणि तो दूरचा सोबती बहुधा एकटाच अवकाशात भरकटेल. त्याला ग्रह म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हा निराळ्याच कारणाने उभा राहील, कारण प्रदक्षिणेला तारा उरलेला नसेल.