नुसती कळकळ पुरेशी आहे काय?

रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या मनुष्याकडे पाठ फिरवून पुढे जाणे हे पाप होय, ह्याविषयी आमच्या वाचकांपैकी कोणासही संशय नसेल. परंतु ह्याच्या पलीकडे एक प्रश्न आहे, आणि त्याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो असा: जो थांबतो, वाकतो, हात पुढे करतो, परंतु त्या हातांनी काय करावे हे ज्यास ठाऊक नाही, त्याने आपले कर्तव्य पुरे केले असे म्हणता येईल काय? त्याचा हेतू शुद्ध आहे, त्याचे अंतःकरण द्रवले आहे; तरीही त्याच्या हातून दुखणाइताचे अधिक नुकसान झाले, तर त्याचा दोष किती?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. बागलाणातील कोणत्याही खेड्यात तो वर्षातून अनेक वेळा उभा राहतो. फेफरे आलेल्या मनुष्याच्या नाकाशी चप्पल किंवा फोडलेला कांदा धरतात, आणि दातांत चमचा घालतात. वास्तविक त्याच्याजवळचे दगड दूर करावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, त्यास कुशीवर वळवावे, आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखान्याची वाट धरावी, एवढेच त्यास हवे असते. सर्पदंश झाला की वर दोरी करकचून आवळतात, ब्लेडने चिरा देतात, आणि मग मांत्रिकाच्या दारी तासन् तास बसतात. मण्यार तर बहुधा रात्री, भुईवर निजलेल्यास डसते. दंशाची वेदना नाही, सूज नाही. म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि पहाटे श्वास कोंडू लागतो. डाळिंबावर फवारण्याचे विषारी औषध कोणाच्या पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढतात, आणि बेशुद्धाच्या बाबतीत ते पाणी फुप्फुसात उतरते. ट्रॅक्टर उलटून ज्याची मान दुखावली त्यास चौघे चार बाजूंनी उचलून जीपमध्ये कोंबतात.

ह्यांपैकी एकही गोष्ट दुष्टपणाने होत नाही, हे ध्यानात घ्यावे. धावणारे सगळे भले लोक असतात, आणि दुखणाईत पुष्कळदा त्यांच्याच रक्ताचा असतो. मग दोष कोणाचा? आम्हांस असे वाटते की, जे ज्ञान मिळण्याचा मार्गच नव्हता, त्याच्या अभावाबद्दल कोणी दोषी नाही. परंतु ज्ञान हाताशी होते, शिकविणारा तालुक्याच्या गावी होता, आणि आपण गेलो नाही, तर दोष आहे. तो त्या घाबरलेल्या घटकेचा नव्हे. ती घटका येण्यापूर्वी जे मोकळे दिवस आपण सहज घालविले, त्या दिवसांचा तो आहे.

सटाण्यात एक नाव सर्व धर्मांचे लोक आदराने घेतात. ते मामलेदार यशवंतराव महाराज ह्यांचे होय. 1870–71 च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून उपाशी लोकांस वाटला, म्हणून लोक त्यांस देवमामलेदार म्हणू लागले. त्यांच्याविषयी ज्या चमत्काराच्या कथा सांगतात त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही. आम्ही केवळ एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. त्यांचे धैर्य सर्वजण वर्णितात, परंतु वाटण्याजोगा खजिना आधीपासून साठलेला होता, हे कोणी बोलत नाही. पेटी रिकामी असती, तर अत्यंत कनवाळू मामलेदारासही भुकेल्यांबरोबर अश्रू ढाळण्यापलीकडे काय करता आले असते? दुसऱ्याचा प्राण वाचविण्याचे ज्ञान असेच आहे. ते संकटाच्या दिवशी खर्च करता येते. त्या दिवशी साठविता येत नाही.

का येत नाही, हे शरीरशास्त्रच सांगते. हृदय अकस्मात बंद पडले म्हणजे चार-पाच मिनिटांतच मेंदूस इजा होऊ लागते. 1960 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काउवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर ह्या तिघांनी असे प्रसिद्ध केले की, छाती न फाडता, नुसत्या हातांनी ती दाबून रक्त फिरते ठेवता येते. रीत सोपी आहे: छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल असे, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावे, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी. परंतु ज्याने पूर्वी कधी हात चालविले नाहीत त्याचा दाब भीतीने हलका पडतो, किंवा तो मध्येच थांबून नाडी चाचपीत बसतो. म्हणून त्याच वर्षी नॉर्वे देशात ऑसमुंड लेर्डाल नावाच्या खेळणी करणाऱ्या गृहस्थाने सरावासाठी माणसाएवढा पुतळा तयार केला. आज जगभर विद्यार्थी अशा पुतळ्यापुढे गुडघे टेकून घामाघूम होतात. पाहणारास तो पोरखेळ वाटतो. परंतु पुतळ्यावर शंभर वेळा चुकण्याची मुभा असते, आणि माणसावर ती नसते.

आपल्या राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 च्या जानेवारीत सुरू झाली. आरंभी 937 गाड्या होत्या. त्यांपैकी 233 गाड्यांत गंभीर रुग्णासाठी अधिक सामग्री होती. गाडीबरोबर डॉक्टर असतो, आणि तिच्या चालकास पायलट म्हणतात. गाडी चालविणे व तिच्यातील मनुष्य जगविणे ह्या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि दवाखान्यात उत्तम काम करणारा डॉक्टरही रस्त्याच्या कडेला, अंधारात, गर्दीच्या आरड्याओरड्यात नव्याने शिकल्यावाचून तरबेज होत नाही. म्हणून अशा लोकांस जे शिकवितात त्यांचे काम लहान समजू नये.

ह्या शिक्षणातील दोन धडे विशेष विचार करण्याजोगे आहेत, कारण ते हातांचे नसून अंतःकरणाचे आहेत. पहिला धडा असा की, जखमीस हात लावण्यापूर्वी जागा निर्धोक आहे की नाही हे पाहावे. हे प्रथम ऐकताना स्वार्थीपणाचे वाटते. परंतु जुन्या विहिरीत विषारी हवा साठलेली असता एक मनुष्य बेशुद्ध होतो, त्यास काढण्यास भाऊ उतरतो, भावास काढण्यास शेजारी उतरतो, आणि एकाच्या जागी तीन प्रेते वर येतात, अशा बातम्या आपल्या प्रांतात वारंवार छापून येतात. भावाची प्रीती खरी होती ह्यात संशय नाही. परंतु आधी दोर बांधा, हवा तपासा, मदत बोलवा असे सांगणारे शिक्षण त्या प्रीतीस मिळाले नव्हते.

दुसरा धडा ह्याहून कठीण आहे. पुष्कळ जखमी एकदम पडले असता कोणाकडे आधी जावे? 2020 च्या 28 जानेवारीस आमच्या शेजारच्या देवळा तालुक्यात मेशीजवळ एसटी बस व रिक्षा ह्यांची टक्कर होऊन दोन्ही वाहने विहिरीत पडली आणि 26 जण मरण पावले. अशा ठिकाणी कोणत्याही माणसाचे पाऊल जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे वळते. आणि त्यातही आपला नातेवाईक, आपल्या गावचा, आपल्या समाजाचा कोणी दिसला तर त्याच्याकडे. शिकविलेला मनुष्य उलट करतो. जो ओरडतो त्याचा श्वास निदान चालू आहे, हे त्यास ठाऊक असते. तो आधी निपचित पडलेल्याकडे जातो, श्वास पाहतो, वाहणारे रक्त पाहतो, आणि ज्याची निकड अधिक त्याचा क्रम पहिला लावतो. तेथे जात नाही, नाते नाही, श्रीमंती नाही.

वाचकहो, येथे आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे आम्हांस वाटते. आपण समजत होतो की दया आधीच पूर्ण असते आणि शिक्षण तिला केवळ हात देते. तसे नाही. न शिकलेली दया पक्षपाती असते. ती मोठा आवाज ऐकते आणि आपली माणसे ओळखते. जो मुका पडला आहे, जो परका आहे, तो तिला दिसतच नाही. तेव्हा शिक्षणाने दयेची दृष्टीही सुधारते, आणि म्हणून ते वैद्यकाप्रमाणेच नीतीचेही काम आहे.

आता कोणी म्हणेल, हे शहाण्यांचे काम. आम्हां अडाणी खेडुतांस ते कोठून साधणार? त्यांस आम्ही जामखेडकडे बोट दाखवितो. तेथे 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने काम आरंभिले, आणि खेड्यातील अशा स्त्रियांस आरोग्यसेविका केले की ज्यांतील पुष्कळांस अक्षरओळखही नव्हती, आणि कित्येकींस पूर्वी उंबऱ्याच्या आत घेत नसत. त्या वरचेवर जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून तेच काम करीत. पुढे त्याच उंबऱ्याच्या आत त्यांस बाळंतपणासाठी बोलावणी येऊ लागली. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातही असेच घडले. तेथे 1967 साली फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा निघाली. डॉ. पीटर साफार ह्यांनी गरीब वस्तीतील कृष्णवर्णी तरुणांस शिकविले. त्यांतील बऱ्याच जणांस नोकरी मिळत नव्हती. त्याच तरुणांनी असे काम केले की त्यातून घडलेला अभ्यासक्रम त्या देशात इतरांस नमुना झाला. सेवा 1975 साली बंद करण्यात आली. परंतु जे त्यांनी सिद्ध केले ते बंद करता आले नाही. ज्यांस जग नालायक म्हणते त्यांच्या हातांत शिक्षण दिले तर तेच हात प्राण वाचवितात, ही गोष्ट आमच्या मंडळ्यांस नव्याने सांगावयास नको.

दुसरी हरकत पोलिसांच्या भीतीची आहे. मदत करावयास गेलो आणि खटल्यात सापडलो तर? ही भीती पूर्वी निराधार नव्हती. परंतु 2016 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आले. अपघातग्रस्तास सद्हेतूने व मोबदल्यावाचून मदत करणाऱ्यावर, रुग्ण दगावला तरी, दावा किंवा फिर्याद चालत नाही. त्याचे नावगाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. त्या कायद्यात अशा माणसास जे नाव दिले आहे ते आमच्या वाचकांच्या ओळखीचे आहे: चांगला शोमरोनी. तो तेल व द्राक्षारस वाटेत शोधीत बसला नाही. ते त्याच्याजवळ होते, आणि जखम कशी बांधावी हे त्यास ठाऊक होते, इतकेच आम्ही सुचवितो.

तिसरी हरकत भाविकांची आहे. आयुष्याची दोरी देवाच्या हाती आहे, मग ही खटपट कशास? आम्ही विचारतो, पीक देवाच्या हाती आहे म्हणून आपण कांद्याचे रोप लावण्याचे सोडतो काय? शिकलेल्या माणसाच्या हातांतही रोगी मरतो, आणि पुष्कळदा मरतो. छाती दाबूनही थांबलेले हृदय बहुतेक वेळा परत चालत नाही. म्हणून जो हे काम शिकवितो त्याने विद्यार्थ्यास हेही शिकवावे की, फळाचा हिशेब त्याच्याकडे मागितला जाणार नाही; तयारीचा मात्र मागितला जाईल. जो तयार होता आणि ज्याने जमेल ते केले, त्याने रात्री शांतपणे निजावे.

तर मग काय करावे? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळीने वर्षातून चार वेळा उपासनेनंतर दोन तास राखून ठेवावे, आणि ग्रामीण रुग्णालयातील किंवा रुग्णवाहिकेवरील जाणत्या माणसास आदराने बोलावून शिकून घ्यावे. चारच वेळा का होईना, पण दर वर्षी. कारण हातांची विद्या सरावावाचून काही महिन्यांत विसरते. स्वच्छ कापडाने वाहती जखम दाबून धरणे, बेशुद्धास कुशीवर वळविणे, सर्पदंशाचा अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे न हलविता, प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात तातडीने नेणे, छाती दाबणे, एवढे आधी शिकावे. 108 ला फोन करताना गावाचे नाव, फाटा व ओळखीची खूण नीट सांगण्याचा सराव करावा, आणि एका मुलास फाट्यावर उभे करण्याची आठवण ठेवावी. उपदेशक बंधूंनी प्रथम स्वतः गुडघे टेकून पुतळ्यावर हात चालवावे, म्हणजे इतरांस लाज वाटणार नाही.

ज्याच्यासाठी आपण हे शिकणार तो मनुष्य आज कोण आहे हे आपणांस माहीत नाही. तो आपल्या घरातील असेल, शत्रूच्या घरातील असेल, अथवा विंचूर-प्रकाशा रस्त्याने जाणारा कोणी अनोळखी वाटसरू असेल. त्याचे नाव कळण्यापूर्वीच त्याच्यासाठी थोडे श्रम घेऊन ठेवणे, हीही शेजाऱ्यावरची प्रीती आहे, आणि ती आजच करता येते.