कोरड्या ओढ्याचं खातं

माणदेशचा जुना नकाशा कधी पाहिलाय? भारतीय सर्वेक्षण विभागाचा, एका इंचात एक मैल बसवणारा? रंगांच्या बाबतीत आम्हां बँकवाल्यांचा आणि या मंडळींचा छत्तीसाचा आकडा. आमच्याकडे तांबडी शाई दिसली की साहेबांच्या कपाळाला आठ्या. त्यांच्याकडे तांबडं म्हणजे नांदती वस्ती. बारमाही पाण्याचा ओढा निळा, पावसाळा सरला की आटणारा ओढा काळा. माणदेशात अर्थातच काळ्या रेघांचं जाळं!

मला कौतुक वाटतं ते सर्व्हेअरचं. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा मुलूख. प्लेन टेबल लावून हा उन्हात उभा. समोर वाळू, बाभळी आणि मेंढरं. पाणी औषधालाही नाही. 'येथे ओढा नाही' म्हणून सावलीला बसला असता, तर कोण विचारणार होतं? पण पठ्ठ्यानं वाकणावळणासकट ओढा काढला. शिल्लक शून्य, तरी खातं चालू!

आमच्याकडेही दहा वर्षं कुणी न फिरकलेल्या खात्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते; पण खातेदार उगवला, तर त्याचं त्याला द्यावंच लागतं.

आता प्रश्न असा, की बरंचसं वर्ष गैरहजर राहणाऱ्याचा जागेवर हक्क किती? मुंबईला गेलेल्या भावाच्या खोलीत आपण 'तो कुठं येतोय!' म्हणत कांदे पसरतोच की. ओढ्याचंही तेच. आधी बांध सरकतो, मग नांगर फिरतो, मग प्लॉट पडतात. हातभर गाळाच्या जमिनीसाठी कोरडवाहू शेतकऱ्याचा जीव तुटतो, हे कळतं; त्याला चोर म्हणायला जीभ रेटत नाही. पण ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर-पंढरपूरकडे कोसळला तसा पाऊस आला, की पाणी नवा लेआउट वाचत बसत नाही. जुन्या वाटेनं घरी येतं. आणि भाऊबंदकी कुणाचीही असो, वाहून जातं ते खालच्या अंगाच्या गरिबाचं खोपटं.

काउंटरवर टोकन आपटणाऱ्याचा हक्क कुणीही मान्य करतो. त्याला नीतिमत्ता लागत नाही, घाबरटपणा पुरतो. माणसाची नियत कळते ती न आलेल्याच्या खात्यावरून. काळ्या रेघेवर घर बांधणाऱ्यानं एवढंच ध्यानात ठेवावं: खातेदार मयत नाही, नुसता परगावी गेलाय.