धुऱ्यावरचं आभाळ

धुऱ्यावर बसा. तोंड उत्तरेला.

संग्रामपूर पाठीशी आहे. समोर पऱ्हाटी, मधे तुरीची तासं, आणि अगदी शेवटी सातपुड्याची निळी रेघ.

भाद्रपदातली संध्याकाळ आहे. पाऊस नुकताच थांबलाय.

मांडीवर पाटी, पाटीवर करडा कागद. पेस्टलच्या कांड्या शेजारी. इतक्यात हात लावू नका.

श्वास घ्या. ओल्या काळ्या मातीचा वास येतो. येऊ द्या.

आता वर पाहा. एकच ढग धरा. बाकीचे जाऊ द्या.

समुद्र इथून फार लांब आहे. तरी या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं लागतं. पिणाऱ्यासाठी ते दुःखच. पण वर पाहिलं की काठ नसलेलं आभाळ, आणि मला इथे समुद्राची उणीव कधी भासली नाही.

ढगाकडे परत या. पोट जांभळं. कड केशरी. दोन्हींच्या मधे एक रंग आहे, त्याला नाव नाही.

त्याच्यापाशी थांबा.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ऑनफ्लरला, यूजीन बुदँ असाच उघड्यावर बसायचा. समोर समुद्र, वर आभाळ, हातात पेस्टल. 1859 मध्ये कवी बोदलेरने ती आभाळं पाहिली आणि तो भारावून गेला. कागदांच्या कडेला बुदँने तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवला होता.

वारा.

तुमच्या डाव्या गालावर आहे तो. पश्चिमेचा. जाणवतो?

आता कांडी उचला. आडवी धरा. दाबू नका. ही नुसती रंगाची भुकटी, जेमतेम डिंकाने धरलेली. कागदाच्या खरखरीत अंगावर ती आपसूक बसते.

आधी जांभळा. त्यावर केशरी, अगदी हलका. खालचा रंग थोडा दिसत राहू द्या. बोटाने घोटू नका.

पुन्हा वर पाहा. ढग सरकलाय.

सरकू द्या. त्याच्या मागे जाऊ नका. डोळे मिटा. मघाचा ढग अजून दिसतो? सावकाश. तो दिसेल तसा काढा.

श्वास.

सातपुड्याची रेघ सर्वांत शेवटी. एकदाच.

समासात लिहा: भाद्रपद, दिवस बुडताना, वारा पश्चिमेचा.

पाटी उभी धरा. मागून हलकी टिचकी मारा. सैल भुकटी काळ्या मातीवर पडते आहे. जांभळी. थोडी केशरी.