बंदिवान पोरीची दया

वाचनाचा उतारा : २ राजे ५:१–४



अरामी सेनापती नामान ह्याच्या घरी एक लहान मुलगी दासी होती. शास्त्र तिचे नावही सांगत नाही. अरामी टोळ्यांनी इस्राएल देशावर धाड घातली तेव्हा तिला धरून नेले, एवढेच आपणांस कळते. ज्याच्या लोकांनी तिचे घर मोडले, त्याच्याच अंगावर कोड उठलेले तिने पाहिले. ‘भोगू दे त्याला!’ असे म्हणणे तिला किती सोपे होते! परंतु शोमरोनात देवाचा संदेष्टा आहे, तो धन्यास बरे करील, असे तिनेच आपल्या धनिणीस सांगितले. सर्वस्व लुटले गेल्यावरही तिच्यापाशी दया उरली होती.

अशी लेकरे आपल्या महाराष्ट्रानेही पाहिली आहेत. १९४० साली सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडातील असंख्य कुटुंबांस सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार केले. पुढे सुटका झाल्यावर त्यांतील कित्येक लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणीत असे सुमारे ५,००० निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती, आणि कित्येक मुले पोरकी होती. छावणीत शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते आणि बालवीरांची पथकेही होती. थोरल्या मुलांनी धाकट्यांस हाताशी धरावे, ही त्या पथकांची रीत. ज्यांनी स्वतः भूक, थंडी व मरण पाहिले होते, त्यांच्याच भोवती लहानगी पुन्हा खेळू लागली.

आणखी एक उदाहरण ऐका. १९९६ साली युगांडातील अबोके येथील शाळेतून बंडखोरांनी रात्री १३९ मुली पळवून नेल्या. त्या शाळेची एक भगिनी पाठोपाठ अरण्यात गेली व १०९ मुली सोडवून आणल्या. ३० मागे राहिल्या. त्यांत ग्रेस अकाल्लो ही १५ वर्षांची मुलगी होती. काही महिन्यांनी ती निसटली, शिकली, आणि २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे उभी राहून इतर लेकरांसाठी बोलली. आपली सुटका तिने आपल्यापुरती ठेवली नाही.

प्रियजनहो, ज्याचा हात भाजला आहे त्याला दुसऱ्याच्या फोडास किती हळू स्पर्श करावा हे ठाऊक असते. देवाकडून मिळालेले सांत्वन दुसऱ्या पीडितांस द्यावयाचे असते, असे पौल करिंथकरांस लिहितो, ते ह्याच अर्थाने.

परंतु येथे सावध राहा. दुःख चांगले असते, असे शास्त्र म्हणत नाही. त्या मुलीला धरून नेणे हे पापच होते. म्हणून पोळलेल्या लेकरास आधी पोटभर अन्न, निर्धास्त झोप व शाळा द्या. त्याची कथा चारचौघांत वदवून घेऊ नका. त्याला सांगावीशी वाटेल तेव्हा ऐका.

लाखांदूरच्या शेजारीच गडचिरोली जिल्हा आहे. तेथील कित्येक गावांनी अनेक वर्षे बंदुकीच्या छायेत काढली; कोणाचा बाप गेला, कोणाचा भाऊ. असे एखादे लेकरू आपल्या मंडळीत येऊन मागच्या चटईवर मुकाट बसले, तर आपण काय करू? जुने कपडे देऊन मोकळे होऊ काय? कपडे द्याच, पण त्याचे मन स्थिरावले आणि त्याची इच्छा असली, म्हणजे शब्बाथशाळेतील लहानग्यांची एक रांगही त्याच्या हाती द्या. उपदेशक बंधूंनो, ‘बिचारे’ ह्या एका शब्दात त्याला कायमचे कोंडू नका. कदाचित रडणाऱ्या मुलाची समजूत तुमच्याआधी तेच घालील.

आपला प्रभू मरणातून उठला तेव्हा त्याच्या हातांवरील खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. त्याच हातांनी त्याने भ्यालेल्या शिष्यांस धीर दिला. ते हात आपल्या सर्व लेकरांवर असोत. आमेन.